आठ मिनिटांचा निळा

४ फेब्रुवारी

नि-७ कापायचाच होता. दुसरा इलाज नव्हता.

धाकटा भाऊ जाऊन आज बावीस दिवस झाले. आज पहिल्यांदा कामावर गेले. कुणी फार बोललं नाही, बरं वाटलं. मॅडमनी हात दाबला, "झेपेल तेवढंच करा" म्हणाल्या, आणि चाळीस काचांची यादी टेबलावर ठेवून गेल्या!

आमच्या लॅबमध्ये फुप्फुसाचे तुकडे मेणात बसवून कापतात, काचेवर घेतात आणि रंगवतात. पेशी लाल होतात, त्यांच्या मधले धागे निळे. रंगाच्या प्रत्येक खेपेबरोबर निरोगी फुप्फुसाची एक काच लावायची. ती नीट रंगली की बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. आमचा निरोगी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, तो नि-७. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. सहा वर्षं तोच चालला आहे.

तो धाकट्याचा आहे. लॅबमध्ये हे मॅडमना आणि मलाच माहीत.

तेव्हा त्याच्या छातीत एक गाठ निघाली होती. साधी होती, काढून टाकली. काढताना आजूबाजूचा चांगला भाग थोडा आला. इकडे आमचा नि-६ संपत आला होता. मीच त्याला विचारलं. त्याने कागद न वाचताच सही केली. "घे. माझं काहीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. बायको म्हणते तसं काही नाहीच आहे."

आज ब्लॉक बर्फावर ठेवला, कापला, निघालेली पातळ फीत कोमट पाण्यावर सोडली. 

५ फेब्रुवारी

भावजयीचा फोन. ऑक्सिजनचं मशीन न्यायला माणूस आला होता. दोन वर्षं ते चोवीस तास घुरघुरत होतं. "ताई, आपलं घर एवढं शांत आहे हे मला माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, रेडिओ लावत जा. काय बोलले मी! मला असल्या वेळी काही सुचत नाही.

९ फेब्रुवारी

आज पाहुणे होते, आठ-दहा जण. मॅडम त्यांना काचेच्या मोठ्या बरणीपाशी घेऊन गेल्या. आत पांढरं फुप्फुस तरंगतं. कागदाच्या लगद्यासारखं दिसतं.

"यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्यात," मॅडम म्हणाल्या. "रक्त गेलं, पेशी गेल्या, तरी आकार तोच. उरलंय ते पेशींच्या मधलं जाळं. पेशीच ते विणतात आणि त्यातच राहतात."

"म्हणजे सांगाडा?" एका बाईंनी विचारलं.

"सांगाडा मुका असतो हो. हे जाळं बोलतं. पेशीला सांगतं – ताण, सैल सोड, वाढ, आता पुरे. आजारात धागे जाड होतात, कडक होतात. मग ते चुकीचं सांगायला लागतं. आम्ही निरोगी पेशी आणून आजारी जाळ्यावर बसवतो. आठवड्याभरात त्याही जाड धागे विणायला लागतात. पेशींचा दोष नसतो. त्या जिथे राहतात तिथलं ऐकतात."

हे धुण्याचं काम करणाऱ्याला सगळे धुलाईसाहेब म्हणतात. तीन-तीन दिवस साबणाच्या पाण्यात फुप्फुसं धूत बसतो. तो मागून म्हणाला, "मी तीन दिवस राबतो आणि मॅडम तीन मिनिटांत संपवतात! बायको म्हणते, जगाची फुप्फुसं धुतोस, घरातला एक कप धुवायला होत नाही तुला."

सगळे हसले. मीही हसले असेन.

एकदा धाकट्याने मला न्हाणीघरातला वाळून खडंग झालेला स्पंज आणून दाखवला होता. दाबून बघ म्हणाला. "हे असं आहे आत, ताई. फरक एवढाच की हा भिजवला की मऊ होतो."

ते आठवून मी पाहुणे जायच्या आधीच आत निघून गेले.

१२ फेब्रुवारी

रंगवायचं नवं मशीन आलं. फ्रिजएवढं आहे. इतकी वर्षं हे काम मी हाताने केलं – डब्यातून डब्यात, घड्याळ बघत. आता काचा आत ठेवायच्या आणि बटण दाबायचं. धुलाईसाहेब म्हणतो, "मावशी, तुमचा जावई आला. आता बसून कौतुक करा."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हात मोकळे राहतील. पण हात मोकळे राहिले तर काय करणार, तेही कळत नाही.

१३ फेब्रुवारी

मशीनची पहिली खेप. कंपनीच्या माणसाने पुस्तकाप्रमाणे वेळा भरल्या होत्या. निळ्या रंगात आठ मिनिटं. काचा बाहेर आल्या तर नि-७ गर्द निळी! मॅडमनी उजेडाकडे धरली. "हे काय? निरोगी फुप्फुस असं असतं का?"

"जावई भडक निघाला," धुलाईसाहेब म्हणाला. "मावशींचं पाच मिनिटांचं गणित शिकवा त्याला."

मी पाच केली. पुढच्या खेपेला नि-७ नेहमीसारखी आली. बारीक फिकट रेघा, मध्ये मोकळी जागा. सगळे खूश.

फक्त कंपनीचा माणूस डोकं खाजवत होता. "पाच? मी इतक्या ठिकाणी मशीन बसवलं, पाचवर कुणाचंच भागत नाही. सगळीकडे आठच लागतात."

मॅडम म्हणाल्या, "आमच्या बाईंचा हात वेगळा आहे."

पण बाईंचा हात आता कुठे होता? मशीनचा होता.

१४ फेब्रुवारी

कामाची जुनी वही काढली. निळ्या रंगापुढे '८ मि.' लिहिलेलं आहे. त्यावर काट. खाली माझ्या अक्षरात '५ मि. – नवी बाटली जास्त गडद आहे.' माझी सही, बाजूला मॅडमची आद्याक्षरं. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

त्याच पानावर दोन ओळी वर – 'नि-६ संपला. नि-७ सुरू.'

एकाच आठवड्यात. बाटलीही नवी, ब्लॉकही नवा.

तेव्हाही नि-७ अशीच निळी आली होती. आता आठवतं. मी बाटलीला शिव्या घातल्या होत्या. मग सात मिनिटं करून बघितली, मग सहा. पाचवर छान दिसायला लागली, तेव्हा थांबले. कुणीही थांबलं असतं. निरोगी काच निरोगी दिसेपर्यंत वेळ कमी करायचा – असंच तर करतात!

पण त्यानंतर बाटल्या किती आल्या आणि संपल्या. सगळ्याच गडद होत्या?

१५ फेब्रुवारी

घरी. चादरी धुतल्या. कपाट आवरलं. आठ आणि पाच, आठ आणि पाच.

१६ फेब्रुवारी

खालच्या खणात तळाशी एक डबी सापडली. नि-६ च्या तीन कोऱ्या काचा. न रंगवलेल्या. कधीतरी जास्त कापून ठेवल्या असतील.

सगळे जेवायला गेल्यावर एक नि-६ आणि एक नि-७ शेजारी शेजारी लावली. आठ मिनिटं. एकच मशीन, एकच बाटली.

नि-६ सुंदर आली. केसाएवढ्या निळ्या रेघा, नळ्यांभोवती थोडी जास्त. पुस्तकात छापावी अशी.

नि-७ मध्ये एका कडेला, अगदी बाहेरच्या पडद्याखाली, निळे पट्टे. मध्येच चांगला भाग, मध्येच पट्टा. दोन ठिकाणी फुगवटे.

वाटलं हात चुकला असेल. दुसरी नि-६ घेतली. पुन्हा लावली. तसंच.

आणखी एक. नि-७ ला कापायच्या आधी बर्फावर जास्त वेळ ठेवावं लागतं. चिवट आहे, पातं अडखळतं. मी म्हणायचे मेण चांगलं बसलं नसेल. सहा वर्षं हाताला लागत होतं!

तिसरी काच ठेवून दिली.

१७ फेब्रुवारी

म्हणजे तेव्हाच. गाठ काढली तेव्हाच.

१८ फेब्रुवारी

नव्या लोकांना मी पहिल्या दिवशी काय शिकवते? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. घसा कोरडा होईपर्यंत शिकवते. कुणी चुकलं की वही समोर धरते.

त्याचा आजार कळला तीन वर्षांपूर्वी. जिने चढताना थांबायला लागला तेव्हा. डॉक्टर म्हणाले, निम्मं फुप्फुस गेलंय, फार उशिरा आलात. मला आठवतंय, बाहेरच्या बाकावर बसून तो म्हणाला, "उशिरा म्हणजे काय, ताई? दुखत तर काहीच नव्हतं. यायचं कशावरून?"

त्याच्या तीन वर्षं आधी ते माझ्या टेबलावर होतं. मी त्याला निळ्या रंगातून लवकर बाहेर काढत होते.

२० फेब्रुवारी

सांगितलेलं नाही कुणाला.

मॅडमचा लेख पुढच्या आठवड्यात जायचा आहे. चार वर्षांचं काम. संगणक काचेवरचा निळा मोजतो आणि नि-७ पेक्षा किती जास्त ते सांगतो. लेखात असं लिहिलंय की आजाराच्या सुरुवातीला जाळं निरोगी माणसासारखंच असतं, आधी पेशी बिघडतात, जाळं नंतर. मॅडम आज गुणगुणत होत्या. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

निरोगी माणसासारखंच! कुठल्या निरोगी माणसासारखं?

सुरुवातीच्या रुग्णांशी आम्ही सुरुवातीचाच एक रुग्ण ताडून बघत होतो. मग फरक दिसेल कसा.

२१ फेब्रुवारी

मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा त्या फोनवर होत्या. एकदा नव्हत्या, तरी परत आले.

२४ फेब्रुवारी

आठवड्यातून एकदा आजोबा येतात. आजोबा म्हणजे निवृत्त डॉक्टर, चाळीस वर्षं काचा वाचल्या त्यांनी. डोळ्याला मोतीबिंदू, तरी नजर अशी की आमचे सगळे त्यांना घाबरतात. मी नि-७ ची आठ मिनिटांची काच ठेवली. नंबर खोडला होता.

बराच वेळ फिरवत राहिले. "कुठून आणलीस?"

"सहज. काय वाटतं?"

"सहज म्हणे! सुरुवात आहे ही. पडद्याखाली, ठिपक्या-ठिपक्यांनी. हा फुगवटा बघ – ताजं विणकाम चाललंय इथे. आणि शेजारी बघ कसं स्वच्छ आहे. असा चोरपावलांनी येतो." मग डोळा न काढता विचारलं, "माणूस हयात आहे का?"

"नाही."

"हं. काच कधीची?"

"काच गेल्या आठवड्यातली. तुकडा सहा वर्षांपूर्वीचा."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "गाठीबिठीबरोबर आलेला?"

मी हो म्हटलं.

"मग सुटणारच. गाठ बघणारा गाठ बघतो. कडेचा तुकडा कोण वाचतो? आणि साध्या रंगात एवढं दिसतही नाही." मग विचारलं, "तुझ्या ओळखीतला होता का?"

मी सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. परत पुसला. "तेव्हा कळलं असतं तर... औषधं आहेत, आजार हळू करणारी. थोडी वर्षं मिळाली असती. किंवा नसतीही. मी खोटं सांगणार नाही तुला." मग म्हणाले, "गाठ काढल्यावर कुणाकडे दाखवत होता तो?"

मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात असलं विचारायची सवयच नाही – बरा आहेस ना, बरा आहे, संपलं.

थोडी वर्षं. किती म्हणजे थोडी?

२५ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. दोन्ही काचा आणि वही समोर ठेवली.

आधी त्यांना कळेना. मग कळलं. वहीतल्या स्वतःच्या आद्याक्षरांवर बोट ठेवून बसल्या.

"सहा वर्षं!"

"हो."

"सहा वर्षं, बाई! सहाशे चाळीस काचा! परवा लेख जाणार होता!" मग आवाज एकदम खाली आला. "हे तुम्ही तुमचा भाऊ होता म्हणून सांगताय, की चूक आहे म्हणून?"

"दोन्ही."

"माझ्यासमोर आत्ता बसू नका. जा."

गेले. जागेवर जाऊन नि-७ ची पेटी कुलपात ठेवली. धुलाईसाहेबाने विचारलं, "मावशी, कुणी रागावलं का?" मी म्हटलं, नाही, मशीनची वेळ बदलायची आहे. तो काही विनोद करणार होता, माझ्याकडे बघून आपल्या कामाला लागला.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. लेख थांबवला आहे. नवे निरोगी ब्लॉक येतील – या वेळी तीन वेगवेगळ्या माणसांचे, आणि आधी आजोबा वाचतील. सहाशे चाळीस तुकडे पुन्हा कापायचे, आठ मिनिटं रंगवायचे.

"चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या. "बाईंनी लिहिलं, मी सही केली."

ब्लॉक कुणाचा होता ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

३ मार्च

कापते आहे. आज अठ्ठेचाळीस.

६ मार्च

भावजयीकडे गेले. तिने त्याचे शर्ट पलंगावर मांडले होते. "तुम्हाला एखादा हवा का, ताई?" मी नको म्हटलं. मग लगेच हो म्हटलं. निळा उचलला आणि परत ठेवला, करडा घेतला. तिने तो घडी करून पिशवीत घातला.

दिवाणखान्यात फरशीवर ऑक्सिजनच्या मशीनच्या चाकांचे चार ठसे आहेत. ती त्यावर खुर्ची ठेवते.

चहा करताना म्हणाली, "शेवटी-शेवटी मला म्हणायचे, तुला कंटाळा आला असेल ना माझ्या खोकल्याचा. आता वाटतं एकदा खोकला ऐकू यावा."

मी सांगायला गेले होते. बिस्किटं खाऊन परत आले.

११ मार्च

निम्म्या काचा झाल्या. मॅडमनी आज आकडे काढले, सध्या नि-६ च्या आठ मिनिटांच्या काचांशी ताडून. सुरुवातीच्या रुग्णांत निळा जास्त आहे! सगळ्यांत नाही, पण बहुतेकांत. जिथे पेशी अजून ठाकठीक दिसतात, तिथेही धागे जाड. म्हणजे निदान आमच्या काचांवर तरी जाळं आधी बिघडतं. लेखात नेमकं उलट लिहिलं होतं.

मॅडम धावत माझ्या टेबलाशी आल्या. "बाई, हे केवढं मोठं आहे कळतंय का तुम्हाला? हे समोर होतं आणि आपणच पुसत होतो!"

मग तोंडावर हात ठेवला. "माफ करा. मी विसरले."

मी म्हटलं, विसरा. बरं वाटलं त्या विसरल्या म्हणून. पण आपणच पुसत होतो – हे दिवसभर कानात राहिलं.

१३ मार्च

धुलाईसाहेबाला कळलंय बहुतेक. आज माझ्यासाठी स्वतःच्या हाताने चहा आणला. कप धुतलेला होता. मी तसं म्हणून दाखवलं तर लाजला. "बायकोला सांगू नका, मावशी. सवय लागेल तिला."

१८ मार्च

आजोबा आले होते. नव्या तीन ब्लॉकच्या काचा वाचल्या, एक नापास केला! दोन ठेवले. मग मला म्हणाले, "तू जेवतेस का नीट?"

"जेवते."

"खोटं. इकडे ये, बस." मी बसले. "तू काय धरून बसली आहेस ते मला कळतं. माझ्या हातून सुटलेल्या काचा मी मोजायचो एके काळी. ऐक. ही तुमची निरोगी काच कशासाठी असते?"

"रंग बरोबर आहे का ते बघायला."

"आजार बघायला?"

"नाही."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"त्याच्या तब्येतीचा एक तरी निर्णय कुणी तुझ्या त्या काचेवरून घेतला? त्याने? त्याच्या डॉक्टरने? कुणी?"

"नाही."

"मग झालं. जे तुझ्यावर कुणी सोपवलंच नव्हतं, ते तुझ्या हातून हरवलं नाही. आजार त्याच्यात होता, तुझ्या डब्यात नव्हता. चूक झाली, ती लॅबची झाली, ती तू दुरुस्त केलीस. भाऊ गेला हे वेगळं. दोन्हीची गाठ मारू नकोस."

मी तिथेच रडले. आजोबा खिडकीकडे बघत बसले. रुमाल देतील असं वाटलं होतं, त्यांनी काच पुसायचा कागद दिला.

घरी येऊन दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण जेवले.

१९ मार्च

आज हलकं वाटतंय. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पुन्हा पुन्हा तपासून बघते, कुठे चूक सापडत नाही. कुणी माझ्या काचेवर विसंबून नव्हतं. तो त्याच्या डॉक्टरांचा रुग्ण होता. मी रंग लावणारी बाई.

एकशे दहा काचा राहिल्या.

२१ मार्च

उद्या भावजयीला सांगणार. आता सांगता येईल. तिचा हक्क आहे तो. आणि आजोबांनी सांगितलं तेही सांगीन, म्हणजे तिलाही त्रास होणार नाही.

२२ मार्च

सांगितलं. ब्लॉक, आठ मिनिटं, पाच मिनिटं – सगळं. भावजय रडली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तुम्ही बघत नव्हतात?"

"काय बघत नव्हते?"

"गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी दर वर्षी छातीचा फोटो काढायला सांगितला होता. एकदाही गेले नाहीत. मी मागे लागले की म्हणायचे – माझा तुकडा ताईकडे आहे. ती रोज बघते. काही असतं तर पहिली तीच बोलली असती."